दुकानात न मिळणारं भेटकार्ड

दोस्तांनो, एक झटपट प्रश्न. तुमचा वाढदिवस कधी असतो? लगेच सांगितलंत ना! ताईचा? दादाचा? तेही पाठ! आता सांगा, आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस कधी असतो? आणि आजी-आजोबांच्या लग्नाचा? बघा, लागलात ना डोकं खाजवायला!

घरात वर्षभर सगळ्यांचे वाढदिवस होतात. पण हा एक दिवस मात्र गुपचूप येतो आणि गुपचूप जातो. फार तर आई खीर करते, बाबा गजरा घेऊन येतात, की झालं. आता ज्यांचा वाढदिवस, त्यांनीच खीर करायची, हे काही बरोबर नाही! या वेळी त्यांना एक छानसं कार्ड द्यायचं. आणि तेही आपल्या हातचं.

‘दुकानात एवढी सुंदर कार्डं मिळतात की!’ असं कुणीतरी म्हणेलच. मिळतात, खरं आहे. सोनेरी अक्षरं, रेशमी फीत, सगळं असतं. पण ते कार्ड हजारो घरांत चालावं लागतं. म्हणून त्यात तुमच्या आई-बाबांविषयी एक अक्षरही नसतं. छापील नाताळकार्डाचा जन्मच मुळी वेळ वाचवण्यासाठी झाला. इंग्लंडमध्ये हेन्री कोल नावाचे एक गृहस्थ होते. नाताळात त्यांच्याकडे इतकी पत्रं येत, की उत्तरं लिहायला वेळ पुरेना. मग १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या हजार प्रती छापून घेतल्या. त्यातल्या उरलेल्या प्रती एक-एक शिलिंगला विकायला ठेवल्या. विक्रीसाठी छापलेलं हे पहिलं नाताळकार्ड.

कोलसाहेबांना वेळ नव्हता. तुम्हांला रविवारची अख्खी दुपार आहे. तेव्हा आपण उलट करू या. जे फक्त आपल्याच घराला ठाऊक आहे, तेच कार्डावर आणू या.

आधी थोडी हेरगिरी

म्हणजे पहिलं काम कात्रीचं नाही, कानांचं आहे!

कपाटातल्या जुन्या अल्बममध्ये किंवा कागदपत्रांच्या पिशवीत आई-बाबांची लग्नपत्रिका बहुधा सापडेल. ती नीट वाचा. तारखेबरोबर मिती आणि शकही छापलेला असतो. उदाहरणार्थ, ‘वैशाख, शके १९२७’. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. १९२७ अधिक ७८ म्हणजे २००५. मात्र शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. त्यामुळे लग्न माघ-फाल्गुनातलं असेल, तर ७९ मिळवायचे. आजीला तारीख आठवत नसली, तरी मिती पक्की आठवते. आता तुम्ही तिला सन सांगू शकाल!

मग हळूच चौकशी करा. ‘तुमचं लग्न कसं झालं?’ असं विचारू नका. ‘झालं छान,’ एवढंच उत्तर मिळेल! छोटे छोटे प्रश्न विचारा. त्या दिवशी पाऊस होता का? वऱ्हाड कशातून आलं? पंगतीत काय होतं? उशीर कुणामुळे झाला? नव्या घरात पहिली वस्तू कोणती आणली? आई-बाबांना संशय येईल असं वाटलं, तर आत्याला, मामाला विचारा. त्यांना जास्तच आठवत असतं!

कुठल्या गोष्टी बाहेर पडतील, सांगता येत नाही. आजी-आजोबांचं लग्न १९७२ च्या दुष्काळातलं असेल, तर पंगतीतल्या जिलबीपेक्षा विहिरीच्या पाण्याचीच आठवण निघेल. काका-काकूंचं लग्न २०२० मधल्या टाळेबंदीनंतरचं असेल, तर ‘फक्त पन्नास माणसांची परवानगी होती, कुणाकुणाला वगळायचं?’ हा किस्सा ऐकायला मिळेल.

यातली एकच गोष्ट निवडा. समजा, मामाने सांगितलं, ‘अरे, वऱ्हाड एसटीने निघालं. वाटेत वळवाचा पाऊस. गाडी चिखलात रुतली आणि सगळ्या वऱ्हाडाने उतरून ढकलली!’ बस्स! आपल्या कार्डावर गुलाब नको, हृदय नको. लाल एसटी हवी!

ठसा उमटतो कसा?

ठशाचं तत्त्व सोपं आहे. जो भाग उंच राहतो, तो शाई घेतो आणि कागदावर उमटतो. जो भाग खोल जातो, तो कोरा राहतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरचा जांभळा शिक्का असो की साडीवरची ठशांची नक्षी, सगळीकडे हाच नियम.

ठसे तुमच्या स्वयंपाकघरातच आहेत. भेंडी देठाजवळ आडवी कापा, पाच कोपऱ्यांचं फूल मिळेल. अर्धा कांदा वर्तुळात वर्तुळं काढून देईल. औषधाच्या बाटलीचं बूच म्हणजे एसटीचं आयतं चाक! बटाटा अर्धा कापून त्यावर हवा तो आकार कोरता येतो. फक्त एक करा. कापलेला बटाटा फडक्यावर पालथा घालून अर्धा तास ठेवा. त्याचं पाणी निघून गेलं नाही, तर रंग फिसकटतो.

बारीक काम करायचं असेल, तर खोडरबर घ्या. मऊ पांढरं प्लॅस्टिकचं खोडरबर सुंदर कोरलं जातं. पण इथे एक गंमत आहे. ठशातून उमटणारं चित्र नेहमी उलटं येतं, आरशातल्यासारखं. ‘आई’ सरळ कोरलंत, तर कागदावर ‘आई’ उलटी होईल! यावर उपाय असा : पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने सरळ अक्षरं लिहा. तो कागद खोडरबरावर पालथा ठेवून नखाने घासा. पेन्सिलीची रेघ खोडरबरावर आपोआप उलटी उतरते. तीवरून कोरा, म्हणजे छाप सरळ!

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापत. त्या प्रत्येक खिळ्यावरचं अक्षरही असंच उलटं असे. खिळे जुळवणारी माणसं उलट्या ओळी भराभर वाचत. आपल्या देशात छापखान्याचं यंत्र पहिल्यांदा आलं ते गोव्यात, १५५६ साली.

रबरी शिक्के मात्र खूप नंतर आले. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबरात गंधक मिसळून तापवलं. तेव्हा ते टिकाऊ झालं आणि शिक्क्यांच्या कामाला आलं.

सगळ्यांत जुना ठसा कोणता, सांगा पाहू? तुमचा अंगठा! जगात कुणाच्याही बोटांच्या रेषा दुसऱ्याशी जुळत नाहीत. अगदी हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्यासुद्धा नाहीत. माणूस ओळखण्यासाठी बोटांचे ठसे जमवणारं जगातलं पहिलं कार्यालय आपल्याकडेच, कलकत्त्याला १८९७ साली सुरू झालं. हा ठसा कुठल्याच दुकानात मिळणार नाही. तो आपण एसटीत बसवणार आहोत. कसा, ते पुढे पाहा.

शाईची तऱ्हा

शाई साधारण दोन जातींची असते. एकीत रंग पाण्यात साखरेसारखा विरघळलेला असतो. ती कागदाच्या धाग्यांत मुरते, लवकर वाळते, पण उजेडात राहिली की विटते. दुसरीत रंगाचे बारीक बारीक कण तरंगत असतात. ती कागदाच्या वर बसते. वाळायला वेळ लागतो, पण रंग पुष्कळ टिकतो. शिक्क्याच्या पॅडमधल्या शाईत ग्लिसरीन घालतात. त्यामुळे डबीतली शाई लवकर सुकत नाही.

आपल्याला घरी काय जमेल? बशीत पातळ स्पंजाचा तुकडा ठेवा आणि त्यावर पोस्टर कलर पसरा. पाणी अगदी थेंबभर. झालं तुमचं पॅड! ठसा स्पंजावर हलकेच टेकवा. त्याला शाई लावायची आहे, आंघोळ घालायची नाही! कागदाखाली वर्तमानपत्राची घडी ठेवा. खाली थोडं मऊ असलं, की छाप सगळीकडे सारखा येतो. ठसा सरळ दाबा, डुलवू नका, आणि सरळ वर उचला. पहिले चार-पाच छाप रद्दीवर काढून पाहा. हात बसला, की मग कार्डाकडे वळा.

आता एक जादूची शाई. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा आणि ब्रशने ठशाला लावून छाप काढा. पिवळं फूल उमटेल. ते वाळलं, की त्यावर धुण्याच्या साबणाच्या पाण्याचा बोळा हलकेच टेकवा. फूल लालसर होईल! हळदीचा डाग पडलेला कपडा धुताना हे तुम्ही पाहिलंच असेल. साबण, चुना, सोडा असे अल्कधर्मी पदार्थ भेटले, की हळद रंग बदलते. पूर्वापार कुंकूही हळदीवर चुन्याची क्रिया करूनच करतात. लग्नाच्या वाढदिवसाला हळदीकुंकवाची शाई! आहे की नाही शोभेशी? मात्र हा लाल रंग काही काळाने फिका पडतो आणि हळद उन्हात उडते. तेव्हा हे फूल कार्डाच्या आतल्या बाजूला काढा.

डाय म्हणजे पुरीची वाटी

लग्नपत्रिकेवर जाळीदार कडा पाहिली असेल. गणपतीच्या आकारात कापलेलं तोंड पाहिलं असेल. शेकडो पत्रिका, पण सगळ्या तंतोतंत सारख्या! कुणी बसून कात्रीने कापतं का? छे! त्यासाठी ‘डाय’ असते.

आई मोठी पोळी लाटते आणि तिच्यावर वाटी दाबून पुऱ्या पाडते, तसंच हे. प्लायवूडच्या फळीत हव्या त्या आकाराची खाच करतात. त्या खाचेत धारदार पोलादी पट्टी वाकवून बसवतात. पट्टीच्या दोन्ही बाजूंना रबराचे किंवा फोमचे तुकडे चिकटवतात. यंत्राने कागदावर डाय दाबली, की पट्टी कागद कापते. दाब सुटला, की रबर फुगून कागदाला बाहेर ढकलतं. म्हणून कागद पात्यात अडकून बसत नाही. मुंबईत गिरगावात खाडिलकर रोडला लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. तिथे गेलात, तर अशा कापकामाचे शेकडो नमुने बघायला मिळतील.

आपल्याकडे यंत्र नाही. पण बाबांच्या फायलींना भोकं पाडायचं पंच म्हणजे छोटी डायच! रंगीत कागदाला भोकं पाडा. पडणाऱ्या गोल टिकल्या म्हणजे अक्षता! शिवाय घरात लोकांच्या लग्नाच्या जुन्या पत्रिकांचा गठ्ठा असतोच. त्यातल्या जाळ्या, कमानी, सोनेरी वेलबुट्टी कापून घ्या. मात्र एक धोक्याची सूचना : कापण्याआधी वधू-वरांची नावं वाचा! आई-बाबांची स्वतःची पत्रिका कापलीत, तर वाढदिवस वेगळ्याच प्रकारे साजरा होईल!

एकाच आकाराचे पुष्कळ तुकडे हवे असतील, तर जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापा. तो ठेवून पेन्सिल फिरवा. प्रत्येक वेळी नव्याने काढाल, तर एक खिडकी मोठी आणि दुसरी लहान होईल.

चला, एसटी सुटली!

साहित्य : जाड कागद, लाल घोटीव कागद, डिंक, कात्री, पट्टी, बूच, खोडरबर, पोस्टर कलर, स्पंज आणि संपलेली रिफिल.

कागद किती जाड घ्यायचा? दुकानदार ‘जीएसएम’ विचारेल. म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा आणि २४० चा १५ ग्रॅमचा. कार्डाला २०० ते २५० जीएसएम छान. खडबडीत, जुन्या वळणाचा कागद आवडत असेल, तर हातकागद घ्या. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. तिथे झाडं न तोडता, कापसाच्या चिंध्यांपासून कागद करतात.

आता कृती.

१. ए-फोर कागद मधोमध दुमडायचा आहे. आधी पट्टी लावून, संपलेल्या रिफिलने दुमडीची रेघ दाबून ओढा. मग घडी घाला. घडी सुरकुततही नाही आणि तडकतही नाही. दुमड वरच्या बाजूला ठेवा. आता कार्ड २१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १५ सेंटिमीटर उंच झालं.

२. लाल कागदाची १६ बाय ८ सेंटिमीटरची एसटी कापून दर्शनी पानावर चिकटवा. वरचे दोन कोपरे गोल करा.

३. पुठ्ठ्याचा ३ बाय ३ सेंटिमीटरचा साचा ठेवून तीन खिडक्या आखा. त्या कटरने आरपार कापायच्या आहेत. हे काम मोठ्या माणसाकडूनच करून घ्या. दादा, मामा, शेजारच्या काकू, कुणीही चालेल. गुपित मात्र फोडायला लावू नका!

४. बुचाने काळी चाकं उमटवा. चाकांखाली तपकिरी रंगात बोटं टेकवून चिखल करा. वर खोडरबरावर कोरलेल्या थेंबाच्या ठशाने निळा पाऊस पाडा.

५. कार्ड मिटा आणि खिडक्यांतून पेन्सिलीने आतल्या पानावर चौकटी आखून घ्या. आता आली खरी मजा! या चौकटींत अंगठ्यांचे ठसे घ्या. आजीचा, आत्याचा, मामाचा, तुमचा, धाकट्या भावाचा. मधल्या खिडकीत दोन ठसे शेजारी शेजारी घ्या. वाळले, की बारीक पेनने डोळे, मिश्या, टिकल्या काढा. मधल्या दोघांना मुंडावळ्या बांधा. झाले नवरा-नवरी! कार्ड मिटलं, की अख्खं वऱ्हाड खिडकीतून डोकावतंय!

भावंडं मिळून करणार असाल, तर कामं वाटून घ्या. अमेरिकेत वूस्टर गावी एस्थर हाउलंड नावाची एक तरुणी १८४० च्या दशकाच्या अखेरीस कागदी जाळीची शुभेच्छापत्रं करू लागली. एवढी मागणी आली, की तिने मैत्रिणींना बोलावून टेबलाभोवती बसवलं. एकीने कापायचं, दुसरीने लावायचं, तिसरीने चिकटवायचं. बघता बघता तिचा मोठा उद्योग झाला. तुमच्याकडे भांडणारी भावंडं असतील, तर हा उपाय गुणकारी आहे. डिंक ज्याच्याकडे, तो कात्रीला हात लावणार नाही!

आत काय लिहायचं?

इथे पुष्कळ जण अडतात आणि पुन्हा दुकानातल्या कार्डातलीच वाक्यं लिहितात. ‘तुमचे सहजीवन सुखसमृद्धीचे जावो’, वगैरे. हे तुम्ही एरवी घरात बोलता का? मग तसं लिहूही नका. जे पाहिलंत ते लिहा. ‘बाबा, आईला ताप आला होता तेव्हा तुम्ही केलेल्या पोळ्या नकाशासारख्या होत्या, पण आम्ही सगळ्या खाल्ल्या.’ किंवा, ‘आई, गाडी अजूनही अडकली की तुम्ही दोघं मिळून ढकलता. आता आम्हीही आहोत.’ दोन ओळी पुरेत. अक्षर आपलं, सही आपली.

आता थोडं हळू आवाजात बोलू या. सगळ्यांच्या घरी हा दिवस सारखा नसतो. आजोबा गेल्यावर आजीसाठी ती तारीख येतेच. त्या दिवशी सगळे तो विषय टाळतात आणि आजी एकटीच जुना फोटो पुसत बसते. तिला कार्ड द्यावं का? आधी तिच्याजवळ बसा. ‘आजी, लग्नातली एखादी गोष्ट सांग ना,’ म्हणा. ती सांगू लागली, तर त्याच गोष्टीचं चित्र करून तिला द्या. त्यावर ‘अभिनंदन’ नको. ‘आजी, आजोबांची ही गोष्ट मी लक्षात ठेवीन,’ एवढंच लिहा. ती नको म्हणाली, तर नुसतं शेजारी बसा. तेही पुष्कळ आहे.

काही दोस्तांचे आई-बाबा वेगवेगळे राहतात. कुणाचे बाबा नोकरीसाठी आखातात असतात, कुणाची आई दुसऱ्या गावी असते. बाबा दूर असतील, तर एकच चित्र दोनदा छापा. ठशाचा हाच तर फायदा! एक कार्ड आईला द्या, दुसरं टपालाने पाठवा. आणि आई-बाबा एकत्र राहत नसतील, तर हे कार्ड करायलाच हवं असं मुळीच नाही. ठसे, शाई, कात्री तीच ठेवा आणि ज्याने तुम्हांला कधी चिखलातून बाहेर काढलं, त्याच्यासाठी कार्ड करा. आजोबा, मावशी, शाळेतल्या बाई, कुणीही.

आणि हो, एखादा ठसा फिसकटला किंवा खिडकी तिरकी झाली, तर कार्ड फेकू नका. चिखलातून गेलेली एसटी आहे ती, थोडी तिरकी असणारच!

शाई पूर्ण वाळायला रात्रभर लागते. म्हणून कार्ड एक दिवस आधीच करून वह्यांच्या खाली लपवून ठेवा. सकाळी चहाच्या कपाशेजारी ते उभं करा आणि दाराआड लपून बघा. आधी कोण उचलतंय? आई की बाबा?